फरासखाना नव्हे, फरसबी!

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

१४ जुलैच्या, म्हणजे फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाच्या निमित्ताने आपल्या रविवारच्या पुरवणीत पुण्यावरील फ्रेंच प्रभावाबद्दल पानभर मजकूर आला आहे. कोरेगाव पार्कातले क्रोसाँ, बेकरीच्या दारात उभा केलेला पत्र्याचा आयफेल टॉवर, अत्तरांची दुकाने वगैरे. मी या शहरात ३४ वर्षे फ्रेंच शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे असले काही दिसले की चष्मा पुसून वाचते. पहिले दोन परिच्छेद ठीक होते. तिसऱ्यात लिहिले आहे की, पेशवाईत फ्रेंच पलटणींचा तळ जिथे पडे तो भाग म्हणजे आजचा फरासखाना. माझा चहा तसाच निवला.

फरासखान्याचा फ्रेंचांशी काडीचाही संबंध नाही. फरास म्हणजे फर्राश, शब्द फारसीतून आलेला. जाजमे अंथरायची, डेरे-राहुट्या उभारायच्या, कनाती बांधायच्या, हे काम करणारा तो फरास आणि ते सामान ठेवायची जागा म्हणजे फरासखाना. जामदारखाना, पीलखाना, मुदपाकखाना, तसाच हा. फ्रेंचांना त्या काळच्या कागदांत ‘फरासीस’ म्हणत, त्यावरून ही गल्लत झाली असावी. गल्लत कोणाचीही होते. पण छापण्याआधी एखादा जुना कोश उघडायला पाच मिनिटे पुरली असती.

फ्रेंच शोधायचेच होते, तर फरासखान्यावरून दहा मिनिटे चालत मंडईत जायचे. तिथे ढिगाने पडलेली असते फरसबी. इंग्रजांच्या ‘फ्रेंच बीन’चे आपल्या आज्यांनी केलेले हे रूप. मात्र ही शेंग फ्रेंच नव्हेच. ती मूळची अमेरिका खंडातली. कोलंबसानंतर ती युरोपात गेली, इंग्रजांनी तिच्यावर फ्रेंच म्हणून शिक्का मारला आणि इंग्रजांच्या तोंडून ऐकून आपण तिची फरसबी केली. खुद्द फ्रेंच लोक तिला ‘आरिको व्हेर’ म्हणतात, म्हणजे साधा हिरवा घेवडा. पुण्यात फ्रेंच म्हणून जे जे आले त्यातले बरेचसे या फरसबीच्याच वाटेने आले. मध्ये कोणीतरी दलाल होता, आणि माल नक्की कुठला हे आपण विचारले नाही.

आता तराजूचे दुसरे पारडे पाहा. माझ्या भाजीवालीकडे अजून तागडी आहे. त्या पारड्यात किलोचे वजन असते. ते मात्र अस्सल फ्रेंच. राज्यक्रांतीपूर्वी फ्रान्समध्ये गावागणिक मापे वेगळी होती. धान्य घेताना जमीनदाराचे माप एक, बाजारातले दुसरे. आपल्याकडचे शेर, पायली, मण, खंडी तरी कुठे दोन गावांत सारखे होते? क्रांतीच्या धामधुमीत, १७९२ साली, दलांब्र आणि मेशँ हे दोघे खगोलशास्त्रज्ञ डंकर्कपासून बार्सिलोनापर्यंतची रेखावृत्ताची रेघ मोजायला निघाले. गावोगाव लोक त्यांना हेर समजून पकडत. त्या मोजणीतून मीटर ठरला, मीटरवरून लिटर आणि किलो. राजाच्या हाताच्या किंवा पावलाच्या लांबीवर मोजायचे नाही, पृथ्वीवर मोजायचे, म्हणजे कोणालाच ‘हे तुमचे माप’ म्हणता येणार नाही, अशी त्यामागची कल्पना. १७९५ साली तिचा कायदा झाला. आपल्याकडे वजनमापांचा कायदा १९५६ साली आला आणि पुढच्या वर्षी १ एप्रिलपासून नवे पैसे. आईने मात्र शेवटपर्यंत किलोवर विश्वास ठेवला नाही. शेर साधारण ९३३ ग्रॅमचा, म्हणजे किलोहून थोडा कमी. पण भाव वाढवायची ही युक्ती आहे हे तिचे मत ठाम होते. “अर्धा शेर दे, आणि तुझं ते ग्रॅमबिम मला सांगू नको,” हे तिचे वाक्य मी मंडईत शेकडो वेळा ऐकले. मूळ किलो म्हणजे प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा, पॅरिसजवळ सेव्रला तिजोरीत ठेवलेला. त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २०१९ साली जगाने त्या ठोकळ्याला निवृत्त केले. पुरवणीत या पारड्याबद्दल एक ओळसुद्धा नाही.

लेखात ‘फ्रेंच पलटणी’ असा शब्द आहे, त्याबद्दल थोडे लिहिते. पेशवाईत पुण्याला फ्रेंच राजाची पलटण कधीच राहिली नाही. फ्रेंच पहिल्यांदा पुण्याच्या रोखाने आले ते शत्रू म्हणून. १७५१ साली निजामाच्या बाजूने बुसी चालून आला, ग्रहणाच्या रात्री त्याने पेशव्यांच्या छावणीवर छापा घातला आणि तळेगाव ढमढेऱ्याची राखरांगोळी झाली. आपल्या कागदांत त्याला ‘मुसा बुसी’ म्हणतात. मुसा म्हणजे ‘मस्यू’, आपले ‘श्रीयुत’. त्या बुसीच्या हाताखाली कवायत शिकलेला इब्राहिमखान पुढे पेशव्यांकडे आला, उदगीरला जिंकून दिले आणि पानिपतावर पडला. त्याच्या नावापुढचा ‘गारदी’ हा शब्द बहुतेक अभ्यासक फ्रेंच ‘गार्द’पाशी नेतात. गार्द म्हणजे पहारा, राखण. राखणदारासाठी आलेला हा शब्द पुण्यात ३० ऑगस्ट १७७३ नंतर कशासाठी वापरला जातो, हे शनिवारवाड्याजवळ राहणाऱ्यांना सांगायला नको. वर्गात ‘गार्दे’ हे क्रियापद शिकवायची वेळ आली की मी नारायणराव पेशव्यांच्या खुनाची गोष्ट सांगायची. मग ते क्रियापद कोणी विसरत नसे.

त्यानंतर आले ते पगारी लोक. महादजी शिंद्यांनी ज्याच्याकडून कवायती कंपू उभे करवले तो बन्वा द ब्वान्य. आपल्या पुस्तकांत त्याचे डिबॉईन, डी बॉइन असे काय काय झाले आहे. मी आता वाद घालत नाही. हा माणूस जन्माने फ्रान्सचा प्रजाजनही नव्हता. तो साव्हॉय प्रांतातल्या शाँबेरीचा, १७५१ चा जन्म, आणि साव्हॉय तेव्हा सार्डिनियाच्या राजाकडे होते. फ्रेंच सैन्यातल्या आयरिश पलटणीत नोकरी, मग रशिया, मग मद्रासला इंग्रज कंपनीची चाकरी, आणि १७८४ साली शिंद्यांच्या पदरी. पाटण, मेडता, लाखेरी या लढाया त्याच्या कंपूंनी मारल्या. शिंद्यांनी त्याला दिलेल्या जहागिरीचा वसूल इतका होता की १७९५ च्या शेवटी नोकरी सोडून परत जाताना तो गडगंज होऊनच गेला.

१९८९ च्या उन्हाळ्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मी ग्रनोब्लला गेले होते. एका रविवारी आगगाडीने शाँबेरी गाठली. गावाच्या मधोमध कारंजे आहे, १८३८ सालचे, आणि त्याला चार हत्ती. हत्ती म्हणजे पुढचा अर्धा भागच. चौघांची पाठ खांबाला चिकटवलेली, सोंडेतून पाणी. वर खांबावर आमचे डिबॉईनसाहेब. गावकरी त्या हत्तींना जे म्हणतात त्याचे सभ्य मराठी ‘बुडं नसलेले चौघे’ असे होईल. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने मला ते नाव मोठ्या कौतुकाने सांगितले. मी म्हटले, “या हत्तींचं बूड आमच्याकडे आहे.” त्याला कळले नाही. मी त्याला वानवडी, शिंद्यांची छत्री, महादजी, अलीगढचा वसूल असे सगळे समजावू लागले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे ही गोष्ट खरी आहे तर?” त्या गावातला मोठा रस्ता त्याच्या नावाचा आहे, त्याने दवाखान्यांना, अनाथांना पैसा दिला, सगळे पाट्यांवर लिहिलेले आहे. पैसा कुठून आला याची पाटी मला दिसली नाही. महादजी वानवडीला १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वारले. छत्रीजवळ मी दरवर्षी मुलांना नेत असे. ब्वान्यचे नाव तिथेही नाही. हिशेब दोन्हीकडून बरोबर.

‘फ्रेंचांनी मराठ्यांना मदत केली’ असे वाक्य लेखात आहे, त्याला खर्ड्याची लढाई पुरेशी आहे. मार्च १७९५. मराठ्यांच्या बाजूने शिंद्यांचे कंपू घेऊन पेराँ, होळकरांकडून द्युद्रनेक; समोर निजामाच्या बाजूने रेमाँ. तिघेही मुसा. फ्रेंच विरुद्ध फ्रेंच, आणि मेले आपले. रेमाँची कबर हैदराबादेत आहे आणि मुसारामबाग हे नाव त्याच्यावरून पडले असे तिथले लोक सांगतात. पेराँने आठ वर्षांनी, इंग्रजांशी लढाई जुंपताच, शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रजांच्या हद्दीतून वाट काढली. त्याला मी फार दोष देत नाही. पगारी माणूस होता.

नाना फडणविसांची एक हकीकत मात्र लेखात यायला हवी होती. १७७७ साली फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणवणारा सँ-ल्युबँ नावाचा एक गृहस्थ पुण्यात आला. नानांनी त्याचा असा थाटात सत्कार केला की इंग्रजांच्या वकिलाच्या पोटात गोळा आला. फौज आणू, तोफा आणू, एवढी आश्वासने. आले काहीच नाही. पण नानांना फौज हवी होती की नुसती फौजेची आवई, हे मला आजही ठरवता येत नाही. फ्रेंच येणार या धास्तीने मुंबईकर इंग्रजांनी घाई केली, बोरघाट चढून आले आणि जानेवारी १७७९ मध्ये वडगावला शरण आले. न आलेल्या फ्रेंचांचा पुण्याला झालेला हा उपयोग.

विचारांबद्दल लेखात एकच वाक्य आहे: स्वातंत्र्य, समता, बंधुता हे आपण पॅरिसकडून घेतले. इतके सोपे नाही. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचले ते टॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’. पेन इंग्रज, फ्रेंच राज्यक्रांतीची बाजू घेऊन त्याने त्याचा पहिला भाग १७९१ साली प्रसिद्ध केला. पुढे तो फ्रान्सच्या प्रतिनिधिसभेत निवडून गेला, पण त्याला फ्रेंच धड बोलता येत नव्हते. राजाचा जीव घेऊ नका, हे त्याचे म्हणणे सभेत दुसऱ्याने फ्रेंचमध्ये वाचून दाखवले. म्हणजे क्रांती फ्रेंच, पुस्तक इंग्रजी, वाचक गंज पेठेतला. पुन्हा फरसबी, पण ही फरसबी फुल्यांनी आपल्या मातीत पेरली आणि पीक स्वतःचे काढले. (ज्या मंडईच्या खर्चाला त्यांनी नगरपालिकेत विरोध केला त्याच मंडईला आज त्यांचे नाव आहे, हे जाता जाता.) आणि बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात स्वच्छ सांगून ठेवले आहे की ही तीन तत्त्वे मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाहीत, माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली आहेत. ज्यांनी घटना लिहिली त्यांचेच म्हणणे वगळून प्रभाव कसला मोजता? शिवाय त्याच स्वातंत्र्याच्या देशात, ८ जुलै १९१० रोजी मार्सेयच्या धक्क्यावर, पोहून आलेल्या सावरकरांना फ्रेंच शिपायानेच पकडून परत इंग्रजांच्या हवाली केले. हेगच्या लवादाने पुढल्या वर्षी, झाले ते झाले, असाच निकाल दिला. फर्ग्युसनच्या वसतिगृहात त्यांची खोली दाखवताना ही गोष्टही सांगावी.

नाटकाबद्दल लेखात अवाक्षर नाही याचे मला खरे वाईट वाटले. १९७५ साली रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकत असताना आम्हाला मोलिएरचे १६६० सालचे एक छोटे नाटक होते. नायिकेच्या हातून तसबीर पडते, ती भलत्याच बाईच्या हाती लागते, तिच्या नवऱ्याला संशय येतो. मी दुसऱ्या पानावर थांबले. हा तर फाल्गुनराव! सदाशिव पेठेतल्या मुलीने भरत नाट्य मंदिरात ‘संशयकल्लोळ’ किती वेळा पाहिले असेल, विचारू नका. झाले असे की मोलिएरवरून आर्थर मर्फी या इंग्रजी नाटककाराने १७६१ साली एक नाटक रचले, मर्फीवरून देवलांनी १८९३ साली गद्य नाटक केले आणि १९१६ साली ते पदांसह रंगभूमीवर आले. मी धावत घरी जाऊन बाबांना सांगितले, “बाबा, फाल्गुनराव मूळचा फ्रेंच आहे!” बाबा नारायण पेठेत एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. हातातल्या कागदावरून मान वर न करता म्हणाले, “असेल. पण संशय पुणेरीच आहे.” ह. ना. आपट्यांनी मोलिएरवरून केलेले ‘मारून मुटकून वैद्यबुवा’ही बाबांनीच मला जुन्या बाजारातून आणून दिले. चित्रपटाबद्दल मी लिहीत नाही. फिल्म इन्स्टिट्यूटच्या लॉ कॉलेज रस्त्यावर ते सांगणारे पुष्कळ आहेत.

आणि कपडे! लेखात अत्तर आहे पण वायल नाही. लक्ष्मी रस्त्यावर ज्या वायलच्या साड्या पिढ्यान् पिढ्या विकल्या गेल्या तो शब्द फ्रेंच ‘व्वाल’, म्हणजे बुरखा, ओढणी. शिफॉन फ्रेंच, क्रेप फ्रेंच, जॉर्जेट हे पॅरिसच्या एका शिंपिणीचे नाव. आईला हे सांगितले तेव्हा ती अंगावरच्या साडीकडे बघून म्हणाली, “म्हणून आटते होय!”

आता थोडे कडू. पुण्यात आज फ्रेंच शिकणारी मुले पुष्कळ आहेत, हे लेखाने अभिमानाने सांगितले आहे. का शिकतात तेही सांगायला हवे होते. मी ज्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत होते तिथे अकरावीला मराठी सोडून फ्रेंच घेणाऱ्यांच्या रांगा लागत, कारण मराठीत ऐंशीच्या पुढे गाडी अडते आणि फ्रेंचमध्ये पैकीच्या पैकी पडतात. एका वर्षी मी पुस्तकाबाहेरची एक कविता शिकवली तर दोन पालक तक्रार घेऊन आले. “मॅडम, हे परीक्षेला आहे का?” नव्हते. वरिष्ठांनी मला बोलावून समजावले की निकाल शंभर टक्के लागतो आहे, तो तसाच राहू द्या. राहिला. बारावीनंतर ती मुले रस्त्यात भेटली की ‘बोंजूर मॅडम’ म्हणतात आणि तिथेच त्यांची फ्रेंच संपते. दोष मुलांचा नाही, माझाही त्यात वाटा आहे. मी त्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत.

या उलट जे झाले ते पुरवणीत शोधूनही सापडले नाही. ज्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठी भाषा कशी घडली यावर फ्रेंचमध्ये ग्रंथ लिहिला, तो १९२० साली पॅरिसला छापला गेला. फर्ग्युसनच्या वा. गो. परांजप्यांनी १९४१ साली तो मराठीत आणला. इंग्रजी भाषांतर त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाले. इथे दलाल नव्हता. परांजप्यांचा स्वतःचा कात्यायनावरचा प्रबंध फ्रेंचमध्ये आहे. गी दलरी या फ्रेंच जेझुइटाने तुकोबांचे अभंग १९५६ साली फ्रेंचमध्ये नेले आणि विठोबाच्या संप्रदायावर त्याने लिहिलेले पुस्तक १९६० साली आपल्याच डेक्कन कॉलेजने छापले. आणि गी प्वातव्हँ. १९७२ साली हा माणूस पुण्यात येऊन राहिला आणि २००४ साली वारला. हेमा राईरकर आणि त्यांनी मिळून मुळशी-मावळापासून सुरुवात करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावे, एक लाखाहून अधिक ओव्या, बायकांच्या तोंडून ऐकून, गावाच्या आणि गाणारणीच्या नावासकट लिहून घेतलेल्या. आमच्या आज्यांनी पहाटे दळताना काय म्हटले ते ऐकायला फ्रान्सहून माणूस आला, आणि मी त्याच शहरात मुलांना पॅरिसच्या मेट्रोची स्थानके पाठ करायला लावत होते.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी त्यातल्या काही ओव्या वर्गात नेल्या आणि फ्रेंच करायला दिल्या. पहिल्याच ओळीत ‘जातं’ होते. एका हुशार मुलीने लिहिले, ‘इल व्हा’. तो जातो. मी विचारले, कोण जातो? ती गोंधळली. मग मी फळ्यावर जात्याचे चित्र काढले, खुंटा, वरची तळी, खालची तळी, आणि अर्धा तास त्यावरच गेला. माळ्यावरचे आमचे जाते मी दुसऱ्या दिवशी रिक्षातून नेले; रिक्षावाल्याने त्याचे वेगळे वीस रुपये घेतले. ‘म्यूल’ हा शब्द त्या दिवशी वर्गाला आला, आणि जाते हा मराठी शब्दही.

तर विनंती दोनच. फरासखान्याबद्दलची दुरुस्ती रविवारीच आणि त्याच पानावर छापावी, मंगळवारी छोट्या जाहिरातींच्या शेजारी नको. दुसरे, फ्रेंच दप्तरांतले मराठ्यांविषयीचे कागद आपल्या राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने खंडांमागून खंड छापले आहेत, पण तेही इंग्रजीत. ज्यांना पैकीच्या पैकी गुण मिळतात अशा पुण्याच्या मुलांकडून त्यातले महिन्याला एक पत्र सरळ मूळ फ्रेंचवरून मराठीत करवून घ्या आणि पुरवणीत छापा. तपासून द्यायला मी बसते, मानधन नको. अंक घरपोच मिळतोच.

आपली,
एक निवृत्त फ्रेंच शिक्षिका
सदाशिव पेठ, पुणे ३०
(नाव छापू नये.)

ता. क. लेखकावर किंवा लेखिकेवर रागावू नये. त्या मजकुरात ‘क्रोसाँ’ अचूक लिहिले आहे, शेवटचा ‘ट’ कुठेही नाही. माझ्याच वर्गात कोणीतरी बसले असावे अशी मला दाट शंका आहे.